तपकीर गल्लीत ऱ्या शोधताना

चौदा वर्षं चाललेलं मशीन
गुरुवारी दुपारी निळं पडलं.
वैजयंता म्हणाली, गेलं.
रेणुसेंच्या मुंजीची पत्रिका अर्धी आत, अर्धी बाहेर.
आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसून राहिलो,
शेवटी तिनंच प्लग काढला.

मग सल्ले आले.
सल्ल्याला पुण्यात पार्किंग लागत नाही.

भाची हिंजवडीहून: मामा, मॅकच घ्या,
दहा वर्षं बघायला नको.
किंमत ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
तिथंही तेवढीच होती.

आगाशे सर: विंडोज म्हणजे भाड्याची जागा,
मालक ऐन घाईत येऊन भिंती रंगवायला काढतो.
तू उबंटू घे. फुकट म्हणून नव्हे रे, मोकळं म्हणून.
सरांचा प्रिंटर दोन महिने त्यांच्याशी बोलत नाही,
हे मात्र मला काकूंकडून कळलं.

वरच्या मजल्यावरचे सीए:
ऑफिसला डेल, घरी एचपी, पोरांना काहीही.
टॅली चालली म्हणजे झालं.

शनिवारी तपकीर गल्ली.
नाव तपकिरीचं,
शिंका येतात त्या केबलींवरच्या धुळीनं.
ललवाणींच्या दुकानात ओळीनं मांडलेले स्क्रीन,
प्रत्येकावर एक डोंगर, एक तळं, आणि माणूस नाही.
पोऱ्या सांगत सुटला: रॅम, कोर, एसएसडी,
घरासाठी हे, ऑफिससाठी ते,
ह्याला तीन वर्षं, त्याला एक.
मी म्हटलं, सगळं ठीक.
यावर ‘आचाऱ्यांनी’ लिहून दाखव.

त्याचं असं आहे.
एका संस्कृत अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत
मागच्या पानावर, सूचना क्रमांक चार,
आमच्याकडून छापून गेलं होतं:
आचार्यांनी कांदा आदल्या रात्री चिरून ठेवावा.
तीनशे प्रती.
दोन आचार्यांनी विचारलं म्हणे, किती किलो?

पोऱ्यानं पहिल्यावर लिहिलं: आचार्यांनी.
दुसऱ्यावर र चा पाय मोडला, हलंत लोंबत राहिला.
मॅकवर तर इतकं देखणं आचार्यांनी उमटलं
की चूक म्हणायला जीव होईना.
उबंटूचं मशीन दुकानात नव्हतंच,
तेवढं आगाशे सरांना बरं.

मी छत्री उचलली.
तेवढ्यात तो म्हणाला, साहेब, एक मिनिट.
माझं आडनाव पण असंच आहे.
दहावीच्या सर्टिफिकेटवर कर्हाळे झालंय,
मग आधारवर, मग बँकेत.
आता मीच तसं लिहितो,
नाहीतर जुळत नाही.

आणि मागच्या गिऱ्हाइकाला ‘पाच मिनिटं’ म्हणून
तो स्टुलावर बसला.
एकेक कळ दाबून बघत होता,
कुलपाला परकी किल्ली लावून बघावी तसा.
शिफ्ट. जे. मग डी. मग यू.
कऱ्हाळे.
मधला र आडवा होऊन
ह ला टेकून बसलेला.

तो काही बोलला नाही. मागचं गिऱ्हाईकही नाही.
मग त्यानं तीच कळ पहिल्यावर दाबली,
दुसऱ्यावर दाबली, मॅकवर दाबली.
सगळ्यांकडे होता.
महागाकडे होता, स्वस्ताकडे होता,
विचारल्याशिवाय कुणी दाखवत नव्हतं.

म्हणजे निवडायला कारणच उरलं नाही.
तो बसला होता तेच उचललं,
लेनोवो, विंडोज, राखाडी, कडेला ओरखडा,
ओरखड्याचे चारशे कमी करून.
माउस फुकट मागितला. दिला नाही.

आता नव्यावर आमचे जुने फॉन्ट उघडत नाहीत.
वीस वर्षांच्या पत्रिका म्हणजे नुसते ठिपके, डॉलर आणि कंस.
जुनं मशीन दुरुस्तीला दिलंय,
परत येईल की नाही, दुकानदार हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
रेणुसेंची पत्रिका पहिल्यापासून लावली.
वैजयंता आचाऱ्यांपाशी आली,
शिफ्ट दाबून माझ्याकडे बघू लागली.
जे, म्हटलं.